अर्लीसबाईंच्या हातांना जमलेलं पिस्तूल

नाव ऐकून मागे सरकू नका, मित्रांनो. मी पिस्तूल आहे हे खरं, पण आता वय झालेलं, अंगाने जाडजूड आणि स्वभावाने शांत असं पिस्तूल आहे. माझ्या पोटात एकही गोळी नाही आणि मी एका लोखंडी कपाटात कुलपाआड पडून आहे. तिथूनच तुमच्याशी बोलतो आहे, म्हणजे तुम्हाला भीती नको आणि मला काळजी नको. मी आयुष्यात फार थोडा आवाज केला. तरी माझा जन्म सार्थकी लागला, असं मला मनापासून वाटतं.

मी जन्मलो तेव्हा पिस्तुलं अख्खी पोलादाची घडवत. प्लॅस्टिकची मूठ आणि कागदासारखं वजन ही फॅशन तेव्हा यायची होती. माझ्या घडणीत एक वेगळेपणा आहे, तो तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. बहुतेक पिस्तुलांत पहिली गोळी नळीत चढवायची असेल किंवा आत राहिलेली गोळी काढायची असेल, तर वरचं पोलादी झाकण जोर लावून मागे खेचावं लागतं. त्याच्या आतली स्प्रिंग चांगली ताठ असते. मला ती कटकट नाही. माझ्या डाव्या कुशीला एक खटका आहे. तो दाबला की माझ्या नळीची मागची बाजू डब्याच्या झाकणासारखी वर उघडते. आत गोळी असली तर डोळ्यांना दिसते आणि बोटांनी काढता येते.

हा वेगळेपणा फार दिवस माझ्या कौतुकाचा नव्हे, तर चेष्टेचा विषय होता. माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर होते. त्यांनी मला हौसेने घेतलं, चार मित्रांना उघडून-मिटून दाखवलं आणि मग मासेमारीचा नाद लागल्यावर एका चांगल्या गळाच्या बदल्यात मला मर्ल व्होंड्रा यांच्या दुकानात देऊन टाकलं. गळाच्या बदल्यात, मित्रांनो. हा अपमान मी बरीच वर्षं विसरलो नव्हतो.

मर्लचं दुकान अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या वाळूच्या टेकड्यांमध्ये, क्लोव्हर फ्लॅट नावाच्या छोट्या गावात होतं. तिथे बंदुका मिळत, गळाला लावायचे किडे मिळत, कामाचे हातमोजे मिळत आणि सकाळपासून उकळून कडू झालेली कॉफी फुकट मिळे. मर्लने मला काचेच्या कपाटात नळी उघडी ठेवून मांडलं होतं. येणारी-जाणारी गुराखी पोरं मला बेडूक म्हणत. "काय रे बेडका, माशी मिळाली का?" असं विचारून ती शेजारची चकचकीत पिस्तुलं बघायला लागत. माझ्या अंगावर धूळ साचायची आणि मर्ल आठवण झाली की तेलाचं फडकं फिरवायचा.

त्या दुकानात एक रीत पाळत. दुकानातच कशाला, त्या सगळ्या मुलखातच ती पाळतात. हत्यार कुणाच्या हाती द्यायचं तर आधी ते उघडायचं, आत गोळी नाही हे स्वतः बघायचं, समोरच्याला दाखवायचं आणि मगच द्यायचं. घेणाऱ्यानेही दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबायचं नाही, पुन्हा स्वतः बघायचं. सख्ख्या भावाने भावाला देतानाही असंच. त्यात कुणाला अविश्वास वाटत नाही. उलट जो असं करत नाही, त्याला पुन्हा कुणी शिकारीला बरोबर नेत नाही.

एका ऑक्टोबरमध्ये, दिवस कलताना, अर्लीस ओंड्राचेक दुकानात आल्या. सोबत त्यांचा मुलगा ड्वेन होता. अर्लीसबाई मर्लच्या शाळेतल्या. उंच, सडसडीत, डोक्याला रुमाल बांधलेल्या, आणि हात असे की बघून वाईट वाटावं. बोटांचे सांधे सुजून वाकडे झालेले, अंगठा तळव्याकडे वळलेला. संधिवाताने त्यांचे हात असे धरले होते. त्यांनी आल्या आल्या खसखस भरलेल्या गोड पावांचा, म्हणजे कोलाच्यांचा, डबा मर्लपुढे ठेवला आणि सांगितलं, की सकाळपासून पीठ मळलंय, कपडे पिळलेत, कोंबड्यांचं खुराडं धुतलंय. आज हात अगदी कामातून गेलेत.

"मग आज कशाला आलीस? उद्या सकाळी यायचं, हात बरे असताना," मर्ल म्हणाला.

"सकाळी हात माझे असतात रे. संध्याकाळी ते कुणाचे असतात देव जाणे. जे संध्याकाळी जमेल तेच घ्यायचंय मला. म्हणून मुद्दाम आत्ता आलेय."

त्या का आल्या होत्या, ते मग हळूहळू बोलण्यातून कळलं. त्यांचे यजमान व्हिलेम वसंतात वारले होते. त्यांचं मोठं पिस्तूल पलंगाशेजारच्या खणात होतं. अर्लीसबाई गावापासून दूर, टेकड्यांच्या कुशीतल्या घरात एकट्या राहत. हाक ऐकू जाईल असं शेजारी घर नाही आणि शेरीफची, म्हणजे पोलिसांची गाडी यायला पाऊण तास लागतो. त्यामुळे ते पिस्तूल खणात असण्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. पण उन्हाळ्यात ड्वेनच्या दोन्ही मुली आजीकडे राहायला आल्या. बाईंनी खण उघडला, पिस्तूल रिकामं करायला घेतलं, आणि त्यांना ते झाकण तसूभरही मागे खेचता येईना. आत गोळी आहे की नाही, हेसुद्धा त्यांना सांगता येईना. शेवटी ते पिस्तूल मांडीवर घेऊन, तोंड भिंतीकडे करून, त्या खुर्चीत बसून राहिल्या आणि मुलींना अंगणातच थांबा, आत येऊ नका म्हणून ओरडून सांगितलं. फोन करून बोलावलेला दूरच्या मळ्यावरचा माणूस येऊन पिस्तूल उघडेपर्यंत त्या तशाच बसल्या होत्या. आत गोळी होती.

ही गोष्ट ड्वेनच्या मनाला फार लागली. तो वाईट माणूस नव्हता. तालुक्याच्या गावी त्याचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान होतं आणि आईच्या काळजीने त्याची झोप उडाली होती. त्याने त्याच गावात, वृद्धांसाठी बांधलेल्या इमारतीत आईसाठी एक खोली बोलून ठेवली होती. रविवारपर्यंत तिथल्या लोकांना हो किंवा नाही सांगायचं होतं. त्याचं म्हणणं सरळ होतं. ज्या घरात हत्यार लागतं आणि ज्या बाईला ते रिकामंही करता येत नाही, त्या बाईने त्या घरात एकटीने राहू नये. आज दुकानात काही जमलं नाही तर घर विकायचं, असं आईने स्वतः कबूल केलं होतं. म्हणजे अर्लीसबाई त्या संध्याकाळी माझ्यासमोर उभ्या होत्या त्या पिस्तुलासाठी नव्हे, आपल्या घरासाठी.

आणि तरीही तिथे जी चूक झाली, ती त्या मुलखातला प्रत्येक दुकानदार आणि प्रत्येक मुलगा करतो. हात कमजोर आहेत ना, मग पिस्तूल लहान आणि हलकं द्या. मर्लने काचेतून एक इवलंसं रिव्हॉल्व्हर काढलं. त्याची मूठ जांभळी होती. बायकांसाठी हेच, असं तो कौतुकाने म्हणाला आणि ड्वेननेही मान डोलावली.  दुकानामागे मातीचा उंच बांध घालून नेमबाजीची जागा केली होती, तिथे सगळे गेले.

मी खिडकीतून बघत होतो. बाईंनी चाप ओढला, पण तो हलेना. लहान रिव्हॉल्व्हरचा चाप बहुधा कडक असतो, ही गोष्ट ते देताना कुणाच्या लक्षात राहत नाही. मग त्यांनी दुसऱ्या हाताचं बोटही चापावर चढवलं आणि दात आवळून ओढलं. आवाज झाला, आणि हलकं हत्यार जसं उसळतं तसं ते त्यांच्या मनगटात उसळलं. वजन कमी असलं की झटका सगळा हातालाच खावा लागतो. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दुखण्याचं होतं की घराचं, मला कळलं नाही.

"झालं, आई?" ड्वेन हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचा आनंद अजिबात नव्हता.

आत येऊन मर्लने आणखी दोन-तीन प्रकार दाखवले. एकाचं झाकण मऊ होतं म्हणे. बाईंनी ते कसंबसं अर्धं खेचलं, अर्ध्यावर बोटं सुटली आणि झाकण फटकन बंद झालं. त्यांची बोटं त्यात सापडता सापडता वाचली. मर्लने ते परत काचेत ठेवलं. त्याला शाळेतल्या मैत्रिणीला नाही म्हणायचं नव्हतं आणि हो म्हणण्यासारखं काही हाती लागत नव्हतं.

बाईंनी काउंटरला टेकून हात चोळले आणि तेव्हा त्यांची नजर माझ्यावर गेली.

"हा कोण रे आ वासून बसलाय?"

"तो? तो बेडूक आहे," मर्ल हसून म्हणाला. "जुनं धूड आहे गं. बावीस कॅलिबरची बारीक गोळी लागते त्याला. तुझ्या कामाचं नाही."

"दाखव तर."

मर्लने मला बाहेर काढलं, आत बोट घालून बघितलं, त्यांना दाखवलं आणि त्यांच्या हाती दिलं. इतक्या वर्षांत मला कुणी असं दोन्ही हातांत घेतलं नव्हतं. त्यांनी माझी नळी मिटली, मग खटका शोधला. अंगठा तिथवर वळेना, तेव्हा त्यांनी दुसऱ्या हाताच्या मुठीचं हाड खटक्यावर टेकवलं आणि अंगाचा भार दिला. माझी नळी वर आली. त्यांनी मला खिडकीकडे धरून नळीतून पाहिलं. संध्याकाळचा उजेड आरपार दिसत होता. त्यांनी मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. चेहऱ्यावर काही न दाखवता त्या हे करत राहिल्या आणि मी मनात देवाचं नाव घेत राहिलो, की बाबा, आज खटका अडकू देऊ नकोस.

मग त्यांनी मला उघडलं, आत नीट बघितलं आणि रीतीप्रमाणे ड्वेनपुढे धरलं.

ड्वेनने सवयीने आत डोकावलं, हातात घेतलं आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की बाबा गेल्यापासून आईने त्याला उघडून दाखवून दिलेलं हे पहिलं हत्यार.  पण तो मेकॅनिक माणूस, असा सहजासहजी ऐकणारा नव्हता. बावीसची गोळी म्हणजे डबे पाडायची गोळी, तिने कोण घाबरणार, असं त्याचं म्हणणं पडलं. बाबांचं पिस्तूल केवढं होतं आणि हे काय, असंही तो म्हणाला.

"तुझ्या बाबांचं पिस्तूल मोठं होतं, खरंय," अर्लीसबाई म्हणाल्या. "आणि पोरी अंगणात असताना मी ते मांडीवर घेऊन पुतळ्यासारखी बसले होते. ड्वेन, मला कुणाशी लढाई करायची नाहीये. मला माझ्या घरात झोपायचंय. जे मला उघडून आत बघता येत नाही, ते माझ्या घरात नको. ते मोठं असो की लहान."

मर्लने डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. म्हणाला, की ती म्हणतेय ते बरोबर आहे आणि हे मला आधी सुचायला हवं होतं. झटका सोसत नसेल तर माणूस सराव करत नाही, आणि सराव नसेल तर मोठी गोळी काय कामाची. मग पुन्हा सगळे बांधाकडे गेले. बाईंनी तळव्याने माझ्या पाठीमागचा हातोडीसारखा घोडा मागे चढवला, म्हणजे चाप नुसत्या स्पर्शाने हलेल. माझ्या जाड अंगाचा मला त्या दिवशी पहिल्यांदा अभिमान वाटला, कारण झटका बहुतेक मीच गिळला आणि त्यांच्या मनगटापर्यंत पोचू दिला नाही. समोरचा कॉफीचा डबा तिसऱ्या गोळीला पडला. अर्लीसबाई लहान मुलीसारख्या हसल्या.

परतताना मर्लने मुठीत बसणारी गोळ्यांची डबी, म्हणजे मॅगझिन, भरायचं एक छोटं साधन कोलाच्यांच्या बदल्यात देऊन टाकलं, कारण तिथली स्प्रिंगही त्यांच्या बोटांना झेपली नसती. ड्वेनने गाडीत बसायच्या आधी फोन करून खोलीला नकार कळवला. त्याचा चेहरा पडला होता, पण शब्दाला तो पक्का होता.

पुढची वर्षं माझ्या सुखाची होती, मित्रांनो. माझं घर म्हणजे बाईंच्या कपाटातली एक कुलपाची पेटी. तिची बटणं मोठी होती, वाकड्या बोटांनाही दाबता येतील अशी. नाती यायच्या असल्या की त्यांची गाडी टेकडीवर दिसायच्या आत बाई मला रिकामं करत. मग ड्वेन आत आला की मला उघडून त्याला दाखवत आणि त्याच्यासमोर पेटी बंद करत. मुलींनाही त्यांनी लपवाछपवी न करता सांगितलं होतं, की बघायचं असेल तर मला विचारा, मी दाखवेन, पण माझ्याशिवाय हात लावायचा नाही. मुलींनी एकदा बघितलं आणि त्यांचं कुतूहल संपलं. कोंबडीची पिल्लं माझ्यापेक्षा जास्त गमतीची होती.

मी कुणाला मारलं का, असं तुम्ही विचाराल. एकदाच प्रसंग आला. शेपटी खुळखुळ वाजवणारा विषारी साप खुराड्याच्या दारात वेटोळं घालून बसला होता. बाईंनी मला आणलं, नीट नेम धरला आणि गोळी सापाच्या हातभर शेजारी मातीत घुसली. साप रागावून, पण घाईने, गवतात निघून गेला. बाईंनी मला उघडलं, रिकामं केलं आणि म्हणाल्या, "चल, दोघांचंही भलं झालं." कोंबड्यांनी मात्र त्या दिवशी अंडी दिली नाहीत.

दर गुरुवारी मर्लच्या बांधावर गावातल्या बायका सरावाला जमत. त्यांच्यातल्या बऱ्याच जणींचे हात अर्लीसबाईंसारखेच झिजलेले. एकेक करून त्या मला उघडून बघत आणि म्हणत, की आमच्या नवऱ्यांनी आम्हाला ते जांभळं खेळणं का घेऊन दिलं. माझी भावंडं शोधण्यासाठी मर्लला तीन राज्यांत फोन करावे लागले. बेडूक हे नाव मग कुणी चेष्टेने घेईना. बायका मानाने अर्लीसबाईंना विचारत, "बेडूक आणलास ना?"

पण संधिवात काही थांबत नाही. एका हिवाळ्यात संध्याकाळी बाईंनी नेहमीप्रमाणे मुठीचं हाड खटक्यावर टेकवलं, भार दिला आणि खटका हलला नाही. त्यांनी मला तेल दिलं. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा करून पाहिलं. तिसऱ्या संध्याकाळी टेबलाच्या कडेचा आधार घेऊन पाहिलं. मी माझ्या बाजूने किती सैल व्हायला बघत होतो, ते मलाच ठाऊक. शेवटी त्यांनी मला जमिनीकडे रोखून पेटीत ठेवलं, बटणं दाबली आणि पेटीवर हात ठेवून बराच वेळ बसल्या. ड्वेनला हे कळायला काहीच मार्ग नव्हता. त्या गप्प राहिल्या असत्या तर आणखी कितीतरी दिवस कुणाला पत्ता लागला नसता.

त्याच रविवारी ड्वेन, त्याची बायको आणि आता उंच झालेल्या मुली जेवायला येणार होत्या. बाईंनी बदक भाजलं होतं, आंबट कोबी आणि पिठाचे मऊ गोळे केले होते. मोटार दारात थांबली तशा त्या बाहेर गेल्या आणि ड्वेनला एकट्यालाच आत घेऊन आल्या. टेबलावर माझी पेटी होती.

"हे मला आता उघडत नाही," त्या म्हणाल्या. "आत गोळ्या आहेत. तू रिकामं कर आणि घेऊन जा."

ड्वेनने मला काढलं. खटका दाबला, गोळी काढली, मॅगझिन काढलं, आत बघितलं. मग त्याने नळी उघडी ठेवून मला आईपुढे धरलं. खरं तर त्या आता मला घेणार नव्हत्या, देत होत्या. तरी त्याने धरलं. बाईंनी वाकून आत पाहिलं आणि मान हलवली.

मला वाटलं, आता तो खोलीचा विषय काढणार. बाईंनाही तेच वाटलं असावं, कारण त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. स्वयंपाकघरात बदकाचा वास दरवळत होता आणि बाहेर मुली कोंबड्यांना नावाने हाका मारत होत्या.

"आई," ड्वेन म्हणाला, "मी तुला पुन्हा कधी विचारणार नाही. ज्या दिवशी हे घर तुला झेपणार नाही, त्या दिवशी तूच मला बोलावून सांगशील. हे आत्ता सांगितलंस तसंच."

अर्लीसबाईंनी खुर्ची सोडली.  मग त्या म्हणाल्या, की पोरींना हात धुवायला सांग, बदक गार होतंय.

त्या अजूनही त्याच घरात राहतात. दाराशी आता एक मोठा, आळशी कुत्रा असतो आणि गुरुवारच्या बायकांपैकी कुणीतरी रोज चक्कर टाकतं. मी ड्वेनच्या कपाटात आहे. मला एकटं वाटत नाही, मित्रांनो. माझ्यावर प्रेम करणाऱ्या हातांनी मला वापरलं आणि वेळ झाली तेव्हा स्वतःहून खाली ठेवलं. एवढं नशीब आमच्या जातीत थोड्यांनाच मिळतं.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. कधी कुठल्या खणात, गादीखाली, गाडीत माझ्यासारखं कुणी दिसलं तर हात लावू नका. तिथून बाजूला व्हा आणि मोठ्या माणसाला हाक मारा. आणि ते मोठं माणूस आलं, की त्याला भिऊ नका, सरळ विचारा, "हे तुम्हाला उघडून आत बघता येतं का?" ते म्हणाले, हो, तर त्यांनी ते उघडून रिकामं करेपर्यंत लांबून बघा. ते गप्प बसले, तर विचारत राहा.